शनिवारचा डबा

सर वर्षातून एक दिवस बोलत नसत. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधला शनिवार. त्या दिवशी पहाटे आंघोळ करून, पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसून ते घराबाहेरच्या ओट्यावर येऊन बसत. दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत अन्न नाही आणि शब्दही नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की दूधवालाही त्या दिवशी सायकलची घंटी वाजवत नसे. त्याच्यावर कसलंही बंधन नव्हतं, तरी तो हातवारे करूनच विचारी, अर्धा की पाऊण? सर एक बोट अर्धं मुडपून दाखवत. दूध मांजरीसाठी असे. उपास सरांचा होता, मांजरीचा नव्हता.

"शुक्रवार सगळ्यांना कळतो, तंबी," इतर दिवशी ते सांगत. स्वतःहून लहान असलेला प्रत्येक पुरुष त्यांच्यासाठी तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. "दुःख कुणाला शिकवावं लागत नाही. रविवारही कळतो, रविवारी बिर्याणी असते. शनिवार मात्र कुणालाच कळत नाही. बायबलसुद्धा त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाही. ज्यांचा गुरू गेला ती माणसं त्या दिवशी दार लावून बसली होती. उद्या रविवार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण शनिवारी बाजारात जातो."

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी शनिवार हा मारुतीचा. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस त्यांच्या शनिवारांपैकी एक होता, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. कौलारू घरात ते, एक पिवळी मांजर आणि भिंतभर पुस्तकं. दाराला एक पाटी टांगलेली होती, तिच्यावर खडूनं लिहिलेलं: "पास झालेल्यांनी कृपया येऊ नये." आमच्याकडे कॉलेजात एखादा पेपर राहिला की त्याला 'अरियर' म्हणतात. सर फक्त अरियरवाल्यांना शिकवत, आणि तेही फुकट. आम्हाला ते नापास म्हणत नसत. "शनिवारची मुलं" म्हणत.

मी पहिल्यांदा दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, "किती?"

"दोन, सर."

"दोनच? मग बाहेर थांब. आत पाच-पाचवाले बसलेत."

आईला हे नाव मुळीच आवडलं नव्हतं. "शनिवारचा मुलगा? शनीचं नांव ठेवतात कां कोणी दुसऱ्याच्या लेकराला?" ती स्वतः दर शनिवारी उपास करी आणि मारुतीला दिवा लावी. शनिवार हा सांभाळून काढायचा दिवस, असंच तिला लहानपणापासून माहीत होतं. एका अर्थानं सरांनाही तेच माहीत होतं, पण ही गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

आमचं गाव तंजावूरजवळचं पापनाशम. वडील बसस्टँडजवळ शिंपीकाम करतात. ते आठवीपर्यंत शिकले, आई पाचवीपर्यंत. मी तमिळ माध्यमात शिकलो आणि कॉलेजात एकदम इंग्रजीत येऊन पडलो. आमच्या घराण्यात कुणी पदवीधर व्हायचं असेल तर तो मीच, कारण माझ्यामागे भावंड नव्हतं. ज्या दिवशी मला प्रवेश मिळाला त्या दिवशी वडिलांनी दुकानात, शिवणयंत्राच्या वर, भिंतीत एक खिळा ठोकला. पदवीचा काळा झगा आणि टोपी घातलेला माझा फोटो तिथे लागायचा होता. गिऱ्हाइकं विचारत, "राव, तो रिकामा खिळा कशाला?" वडील म्हणत, "जागा धरलीय."

त्या खिळ्याखाली बसून मी सुट्टीत काजं करत असे.

सर तमिळच बोलत, पण गल्लीतली बहुतेक घरं आमच्या मराठी लोकांची. "तुमची भाषा मी भिंतीपलीकडून शिकलो," ते म्हणत. "शेजारच्या सासू-सुनांकडून. त्यामुळे मला फक्त हुकूम येतात." आणि मग ते म्हणून दाखवत: "ऊठ! नीघ! तोंड मीट!" त्यातलं 'ऊठ' त्यांना फार आवडे. सकाळी मांजरीलाही ते मराठीतच उठवत.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तुला तुझं नाव तुझ्या लिपीत लिहिता येतं का?" येत नव्हतं. आमच्याकडे मराठी घरात बोलतात, वाचत मात्र कुणी नाही. सर गंभीर झाले. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला हाक त्याच्या आईच्या भाषेत येणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती कुठल्या धर्मग्रंथात आहे हे विचारायचं धाडस मला झालं नाही. "आणि हाकेऐवजी भिंतीवर यादी लावली तर? उभा राहशील बावळटासारखा." त्यांनी मला गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या आत्त्यांकडे पाठवलं. त्या पूर्वी हिंदी शिकवायच्या. चार महिन्यांत त्यांनी माझ्याकडून बाराखडी घोटून घेतली. आज हे मराठीत लिहितो आहे, ते सरांच्या त्या यादीच्या भीतीमुळे.

बायकोबद्दल ते फार बोलत नसत. पण दर ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ते चुन्याची बादली, कुंचला आणि गवंडी वापरतात तशी लेव्हल घेऊन कबरस्तानात जात. तमिळमध्ये कबरस्तानाला कबरींची बाग म्हणतात, आणि ती खरोखरच बाग होती. कडुनिंब, पांढरा चाफा, वाळल्या पानांवरून धावणाऱ्या खारी. सर बायकोच्या कबरीला चुना लावत आणि मग दगडावर लेव्हल ठेवून वाकून पाहत. हवेचा बुडबुडा मधोमध आला नाही तर एका कोपऱ्याखाली विटेचा तुकडा सरकवत.

"तिला उशी तिरकी चालत नाही," ते म्हणत.

शेजारची जागा त्यांची स्वतःची. एकदा तिचं माप घ्यायला ते त्या मातीत सरळ आडवे झाले होते. राखणदार आरडाओरडा करत धावत आला. सरांनी डोळे न उघडता त्याला सांगितलं, "पाय पुरत नाहीत. सहा इंच वाढवा." ही गोष्ट राखणदारच मला सांगायचा, दरवेळी एकेक इंच वाढवून.

आता त्या डब्याबद्दल सांगतो.

माझं ते पहिलं वर्ष होतं. आईनं कॅलेंडरवर लाल तारीख पाहिली. "तुझ्या सरांचा सण आहे. रिकाम्या हातानं कसा जाशील?" तिनं करंज्या केल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि मला सकाळच्या बसमध्ये बसवलं. मी पोचलो तेव्हा सर चर्चला निघाले होते, छत्री घेऊन. मी भर गल्लीत डबा पुढे केला आणि मोठ्यानं म्हणालो, "हॅपी गुड फ्रायडे, सर!"

सर थांबले. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणारी बाईही थांबली.

"तंबी," सर हळू आवाजात म्हणाले, "आज आमच्या घरी मयत आहे."

मला त्या गल्लीत गडप व्हावंसं वाटलं. लाल तारीख म्हणजे गोडधोड, एवढंच आम्हाला माहीत. त्या दिवशी त्यांच्या देवाला खिळे ठोकले होते हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकातलं दुःख कुणाच्या घरी असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी डबा मागे घेऊ लागलो. सरांनी तो माझ्या हातातून घेतला, झाकण बोटभर उघडलं, वास घेतला.

"वेलदोडा," ते म्हणाले. "जायफळ. बरोबर आहे सगळं. फक्त दोन दिवस लवकर आलंय." आत जाऊन त्यांनी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, डब्याला आडवी-उभी बांधली, गाठ मारली आणि डबा फळीवर ठेवला. "थांबेल तो. रविवारी पहाटे पाचला कबरस्तानात ये."

रविवारी मी गेलो. अंधार होता. सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावलेल्या, त्यामुळे जमीनच आकाशासारखी दिसत होती. माणसं कुजबुजत होती, कुणीतरी मोगऱ्याची फुलं वाटत होतं. मग पूर्वेला नारळांच्या मागे जरासं उजाडलं आणि चर्चचे पाळक मोठ्यानं म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" सगळे एकदम म्हणाले, "खरोखर उठला आहे!" इतका वेळ गप्प असलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. जणू कुणाच्या तरी घरून खुशालीची तार आली होती.

बायकोच्या कबरीपाशी बसून सरांनी गाठ सोडली. डब्यात मुंग्या होत्या.

"यांना माझ्याआधी बातमी लागली," सर म्हणाले आणि फुंकर मारून करंजी खाल्ली.

तिथेच त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पहाटे काही बायका सुगंधी मसाले घेऊन कबरीकडे निघाल्या. देव उठलाय म्हणून नाही. मेलेल्या माणसाच्या देहाला लावायचे राहिले होते म्हणून. "विश्वास वगैरे काही नव्हता त्यांच्याकडे त्या सकाळी. काम राहिलं होतं, एवढंच. बातमी त्यांनाच आधी मिळाली." आत कुणी नव्हतं. कापड होतं फक्त, गुंडाळून एका बाजूला ठेवलेलं. "चोरानं नेलं असतं तर कापड असं ठेवलं असतं का? माझ्या बायकोला ते गुंडाळलेलं कापड फार आवडायचं. म्हणायची, बघा, आईनं वळण लावलंय."

"आणि उठल्यावर त्यानं काय विचारलं, सर?"

"खायला काही आहे का," सर म्हणाले आणि दुसरी करंजी घेतली. "तसंच लिहिलंय. भुताला भूक लागत नाही, तंबी. माणसाला लागते."

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. बाकीचं तिनं ऐकून घेतलं, पण भुकेचं तिला पटलं. "तीन दिवस उपाशी माणूस," ती म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी शुक्रवारी डबा जाई आणि सुतळी बांधून फळीवर बसे. परत येताना त्यात काहीतरी असेच, कधी उडीद, कधी चार लिंबं, कधी मूठभर साखर. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, ही रीत त्यांच्याकडेही होती.

दुसऱ्या वर्षी मी स्वतःची हुशारी लढवली. आमच्या तंजावूरच्या मातीच्या बाहुल्या असतात, बुडाला जड, कितीही आडव्या करा, डुलत डुलत पुन्हा उभ्या राहतात. मला वाटलं, ईस्टरला याहून चांगली भेट कुठली? सरांनी बाहुली टेबलावर ठेवली, बोटानं आडवी केली. ती उठली. पुन्हा आडवी केली, पुन्हा उठली. ते हसू लागले.

"छान आहे. पण ही कधी पडतच नाही, तंबी. पडल्याचं नाटक करते. खाली माती भरलीय तिच्या. ईस्टर हे असलं नव्हे." त्यांनी बाहुली पुस्तकांच्या मांडणीवर ठेवली. "तो खरंच मेला होता. गार पडला होता. त्याच्या आईनं हात लावून पाहिलं असेल. आधी पूर्ण आडवं व्हावं लागतं. मग कुणी उठवलं तर उठणं."

"आणि कुणी उठवलं नाही तर?"

"म्हणून तर शनिवार," सर म्हणाले.

माझे बाकीचे सगळे पेपर सुटले. एक राहिला. तो तीनदा राहिला. बरोबरचे सगळे पदवी घेऊन गेले, कुणी चेन्नईला, कुणी कोइमतूरला. तिसऱ्यांदा निकाल पाहिला आणि मी सरांकडे गेलो नाही. सरळ पापनाशमची बस धरली. वडिलांच्या शेजारच्या यंत्रावर बसलो आणि काजं करू लागलो. ते एक काम मला नीट येत होतं.

 दोन-तीन दिवसांनी मी पाहिलं, वडिलांनी मापाची टेप त्या खिळ्याला अडकवायला सुरुवात केली होती.

पुन्हा परीक्षेला बसायचा फॉर्म भरायची शेवटची तारीख ईस्टरनंतरच्या सोमवारी होती. मला ठाऊक होतं. घरात आणखी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी आईनं विचारलं, "करंज्या करूं कां?" मी म्हणालो, "नको."

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला बस थांबली आणि छत्री, कापडी पिशवी आणि पांढऱ्या वेष्टीसकट सर खाली उतरले.

इतक्या वर्षांत त्या शनिवारी ते ओट्यावरून हलले नव्हते. मी उठून उभा राहिलो. वडील लगबगीनं पुढे झाले. "या सर, या! कॉफी सांगतो."

सरांनी हात जोडले आणि मान हलवली.

"आज ते बोलत नाहीत," मी म्हणालो. "खातही नाहीत."

"मग आलेत कशाला?" वडिलांनी मला हळूच विचारलं.  सर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. एखादा प्रयोग मांडून ठेवलाय आणि आता काय होतं ते पाहायचं, तसे.

आई ताक घेऊन आली. सरांनी छातीवर हात ठेवला. मी तिला सांगितलं, उपास आहे. "हो कां?" ती म्हणाली. "माझाही शनिवारच आहे." सर उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मग ती दोन उपाशी माणसं समोरासमोर बसली आणि एकमेकांकडे पाहून ओळखीचं हसली.

समोर बसलेल्या माणसाचं करायचं काय, हे वडिलांना एकाच प्रकारे माहीत होतं. त्यांनी खिळ्यावरची टेप काढली आणि सरांचं माप घेतलं. फळीवरून पांढरं कापड काढलं, बेतलं, आणि काजं माझ्याकडे टाकली. सर पाहत होते. माझ्या हातून बाहीचं एक काज तिरकं गेलं.

दुपार कलली तेव्हा सर उठून बाहेर चालू लागले. मी मागोमाग गेलो. गावाबाहेर शेतांमधून कालवा जातो, पण त्या दिवसांत तो कोरडा असतो. पाणी येतं ते आणखी दोन-तीन महिन्यांनी. सरकारी रोजगार हमीच्या, शंभर दिवसांच्या कामावरच्या बायका कालव्याच्या तळातला गाळ उपसत होत्या, ओळीनं उभ्या राहून पाट्या हातोहात वर देत होत्या. सर काठावर थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, छत्री माझ्या हातात दिली आणि खाली उतरून त्या ओळीत जाऊन उभे राहिले.

"अहो आजोबा, पेन्शन पुरत नाही का?" एक बाई ओरडली.

सरांनी तिच्या हातातली पाटी घेतली आणि पुढे दिली.

"बहिरा दिसतो."

"नाही हो," मी काठावरून म्हणालो, "आज त्यांचं मौन आहे."

"मौन? माझ्या नवऱ्याला दोन दिवस शिकवायला पाठवते!" सगळी ओळ हसली. "आणि तू काय छत्री राखायला आलास? तुझंही मौन का?"

मी खाली उतरलो. सरांच्या शेजारी उभा राहिलो. कोरड्या कालव्याच्या तळातून आकाश अरुंद दिसतं आणि आवाज लांबून येतात. सर माझ्या हातात पाटी देत, मी पुढे देई. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तळातली माती वरून वाळलेली होती, पण आत ओली लागत होती. सर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी त्यांना उत्तरं दिली असती. माझ्याकडे पुष्कळ उत्तरं तयार होती.

दुकानात परत आलो तेव्हा सर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते. शर्ट तयार होता. "हा घालून जा सर," वडील म्हणाले. सरांनी मान हलवली, शर्ट घडी करून काखेत धरला. मग पिशवीतून त्यांनी गेल्या ईस्टरपासून त्यांच्याकडेच राहिलेला आमचा स्टीलचा डबा काढला, माझ्या यंत्रावर ठेवला, आणि तसेच चिखलाचे बसमध्ये चढले.

आईनं झाकण उघडलं. डबा रिकामा होता. तळाशी फक्त सुतळी होती, नीट गुंडाळून ठेवलेली.

"रिकामा?" आई म्हणाली. "एवढा शिकलेला माणूस, आणि रिकामा डबा परत देतो?" ती डब्यात पाहत राहिली.  मग तिनं मला विचारलं, "तुझी तारीख कोणती होती रे?"

"कसली तारीख?"

"मला काय माहीत कसली. ते उगाच आले नसणार."

"सोमवार," मी म्हणालो.

ती आत गेली, आणि थोड्या वेळानं तुपाचा आणि वेलदोड्याचा वास आला. दिवसभर उपाशी असलेल्या माझ्या आईनं एकही करंजी न चाखता डबा भरला, सुतळीनं बांधला आणि पहाटेच्या पहिल्या बसला मला उठवलं.

मी पोचलो तेव्हा मेणबत्त्या लागल्या होत्या. सर बायकोच्या कबरीपाशी उभे होते, नव्या पांढऱ्या शर्टात. अंधारात तो शर्ट तेवढा दिसत होता. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नारळांच्या मागे उजाडलं. पाळकांनी हाक दिली आणि सगळ्या कबरस्तानानं उत्तर दिलं. सरांचा आवाज दिवसभराच्या मौनानं घोगरा झाला होता. माझंही तोंड उघडलं. मी तमिळमध्ये म्हणालो की मराठीत, आता आठवत नाही.

मग सर माझ्याकडे वळले.

"फॉर्म?"

"उद्या, सर."

"हं," सर म्हणाले. "सोमवार त्यासाठीच असतो." त्यांनी गाठ सोडली, करंजी खाल्ली. "जास्त तळल्या गेल्यात."

"आई उपाशी होती, सर. चाखता आलं नाही."

सर खायचे थांबले. उरलेला डबा त्यांनी झाकला आणि मला परत दिला. "मग आधी तिनं खायला हव्यात." आणि बाहीचं ते तिरकं काज माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे मात्र दुरुस्त करायचं नाही. असू दे."

मी पास झालो. कालव्याला पाणी आलं तेव्हा निकाल लागून दोन दिवस झाले होते. मी त्या जागी जाऊन उभा राहिलो. पाणी नुसतं जात होतं. फोटो खिळ्यावर लागला आणि टेपसाठी वडिलांनी दुसरा खिळा ठोकला. सर मुद्दाम फोटो पाहायला आले. टोपी तिरकी आहे म्हणाले; ती सरळ होणार नव्हती म्हणून त्यांनी पिशवीतून लेव्हल काढली आणि निदान चौकट सरळ केली.

दोन वर्षांपूर्वी मार्गळी महिन्यात, ऐन डिसेंबरच्या थंडीत, सर गेले. बायकोशेजारी, सहा इंच वाढवलेल्या त्या जागेत. राखणदारानं मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू दिली. आत लेव्हल होती आणि एक चिठ्ठी: "दर वर्षी. दोन्ही."

मी आता आमच्याच भागातल्या शाळेत फिजिक्स शिकवतो. परवा गुरुवारी चुना घेऊन कबरस्तानात गेलो होतो. सरांच्या बाजूची माती अजून बसते आहे. एक कोपरा खाली गेला होता. विटेचा तुकडा सरकवला. बुडबुडा हळूहळू मध्ये आला.

मला काय वाटतं, हे मला नीट सांगता येत नाही. मेलेला माणूस उठतो का, हे मी शिकवतो त्या पुस्तकांत नाही. आईच्या मारुतीलाही मी कधी विचारलेलं नाही. पण या एका शनिवारी मी बोलत नाही. काल बांधलेला डबा फळीवर आहे. उद्या पहिली बस आहे.

आत्ता मी हे लिहीत असताना आई दारात येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेत तिचे. उपास अजून सोडत नाही. म्हणाली, "एक विचारूं? तुझे सर उद्यां उठतील असं वाटतं कां तुला?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. आज बोलायचं नव्हतं, आणि बोलायचं असतं तरी काय बोललो असतो कोण जाणे.

 तिनं फळीकडे पाहिलं.

"दोन वर्षांचे उपाशी असतील," ती म्हणाली, "एवढ्यानं काय होणार?" आणि आत जाऊन तिनं मोठा डबा खाली काढला.